म्हणे सर्वे संपला!

गेले काही दिवस गोव्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं सार असं: दारोदार जाऊन प्रश्न विचारायचे दिवस संपले. एआयला ‘तू डिचोलीतली पन्नाशीची गृहिणी आहेस’ एवढं सांगा. ती काय खाते, काय विकत घेते, कुणाला मत देते ते पाच मिनिटांत कळतं. लाखो लोकांचा डेटा ऑनलाइन मिळत असताना चारशे घरं हिंडायची कशाला? आणि तसेही सर्वे खोटेच पडतात, एक्झिट पोल बघा.

मला हे चौघांनी पाठवलं. एकाने खाली ‘आता तुमचं कसं?’ असंही विचारलंय. मी बारा वर्षं सर्वेच्या कामावर फील्ड सुपरवायझर आहे, माझं पोट यावर चालतं, तेव्हा हे धरूनच पुढचं वाचा.

त्यात खरं आहे ते आधी मान्य करतो. ‘हे दुकान का आवडतं?’ असल्या प्रश्नांना लोक कोकणी, मराठी, हिंदी कालवून उत्तर देतात. ती उत्तरं वाचून प्रत्येकाला कोड (कुठल्या प्रकारचं उत्तर त्याचा आकडा) घालायला पूर्वी आमच्या ऑफिसात सहा मुली पंधरा दिवस बसायच्या. आता ते काम जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू होतं आणि चहापर्यंत संपतं. त्या सहांपैकी दोघी आज कॅसिनोच्या काउंटरवर आहेत. कागदी फॉर्म जाऊन टॅब आला, त्यामुळे मुलाखत कुठे झाली, किती मिनिटं चालली हे दिसतं. आंब्याखाली बसून दहा फॉर्म भरणाऱ्यांची त्यात पंचाईत झाली, ते बरंच झालं.

आता ती डिचोलीतली गृहिणी. एका कामात मुंबईहून आलेल्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘आठवड्यातून किती वेळा ब्रेड आणता?’ बाई म्हणाल्या, ‘ब्रेड? आमी ब्रेड खायनात. तो दुयेंतांक.’ फॉर्म भरणाऱ्या आमच्या मुलीने ‘कधीच नाही’वर बोट ठेवलं आणि मान वर केली, तर फाटकाला पदेराची, म्हणजे पाववाल्याची, पिशवी लटकत होती. आपल्याकडे ब्रेड म्हणजे स्लाइसचा, आजाऱ्याला चहात बुडवून द्यायचा. पदेर भोंपू वाजवत आणतो तो पाव, उंडे, पोई. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा बाई हिशोब करायला लागल्या: पूर्वी रोज सहा लागायचे, मुलगा जहाजावर गेल्यापासून दोन.

एआयला पदेर माहीत आहे, मी विचारून बघितलं. सुरेख निबंध लिहितो. पण सहाचे दोन झाले हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या बाईंनीही विचारेपर्यंत ते मोजलं नव्हतं. यंत्राकडून घेतलेली असली उत्तरं सरासरीभोवती गोळा होतात, माणसांमधला विस्कळीतपणा त्यात उतरत नाही, हे तपासणाऱ्या संशोधकांनाही दिसलंय. कंपनीला मात्र पैसे मोजून नेमकं तेच हवं असतं: कोण बदललं, कधी आणि का.

लाखोंच्या डेटाचं म्हणाल, तर हा मोह जुना आहे. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि मंदीच्या त्या दिवसांत गरिबाकडे दोन्ही नव्हतं; वर पत्रिका परत पाठवणारेही ठरावीकच. शितावरून भाताची परीक्षा होते हो, पण वरवरची कोटभर शितं चेपलीत म्हणून तळाचा भात शिजत नाही. सगळ्यांनाच विचारायचं तर मग १६ जानेवारी १९६७चा ओपिनियन पोल, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावरचा. (दारात ‘ओपिनियन पोल’ म्हटलं की आजोबा अजून फूल आणि दोन पानं या तेव्हाच्या निशाण्यांची गोष्ट सुरू करतात, अर्धा तास जातो.) त्यात फरक पडला ३४,०२१ मतांचा, पण ते सरळ मतदानच होतं. साबणाच्या वडीसाठी कोण घेणार?

शिवाय ऑनलाइन उत्तरं देणारा माणूसच आहे कशावरून? एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेत आठ जणांवर आरोप ठेवले गेले ते सुमारे एक कोटी डॉलरची बनावट सर्वे-माहिती विकल्याबद्दल. पैसे देऊन माणसं बसवून फॉर्म भरून घेतले, असा तो आरोप. माणसं बसवून जे होतं ते एआयकडून किती स्वस्तात होईल, याचा हिशोब फॉरवर्डवाल्याने करावा. धंद्याचं खरं दुखणं हे आहे, आणि ज्याला तो औषध म्हणतोय त्याने ते वाढतं.

एक्झिट पोलबद्दल मी वाद घालणार नाही. २०२२ला बहुतेकांनी आपल्याकडे त्रिशंकू विधानसभा सांगितली. भाजपला २० मिळाल्या, काँग्रेसला ११. पण आपले मतदारसंघ साधारण पंचवीस-तीस हजार मतदारांचे. साखळीचा निकाल ६६६ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. हजार जणांना विचारलं तर राज्याच्या टक्केवारीत अधिक-उणे तीन टक्क्यांची चूक धरतात; तेच हजार ४० जागांत वाटले की वाट्याला २५ माणसं येतात. त्यातून ७६ मतं कशी दिसणार? ते सांगायला बसणाऱ्यांचा कान धरा. पण पदेराचे पाव मोजणाऱ्याला त्यात ओढू नका.

राहिलं, लोक दार उघडत नाहीत हे. खरंय. अमेरिकेत प्यू या सर्वे करणाऱ्या संस्थेच्या फोन सर्वेला १९९७मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८मध्ये ६ टक्के. आपल्याकडे गावातल्या वाड्यावर अजून खुर्ची आणि पाणी मिळतं, पर्वरीच्या कॉम्प्लेक्सात वॉचमन अडवतो. गेल्या महिन्यात एकाने रजिस्टरवर सही घेतली, ‘बँकेचे का?’ म्हणून विचारलं, आणि नाही म्हटल्यावर सोडलं. चोवीस फ्लॅटांत अकरा बंद. मालक दिल्लीला, मुंबईला, डिसेंबरात येतात. क्लायंटच्या माणसाने संध्याकाळी फोनवर सुचवलं, त्या अकरांची उत्तरं बाकीच्यांवरून एआयकडून भरून घेऊ, कोटा, म्हणजे ठरलेला मुलाखतींचा आकडा, पुरा होईल.

टॅबमध्ये ‘घराला कुलूप’ असा एक पर्याय असतो. अकरा वेळा तो दाबला.