खोल्या काढून किरायाने देणार असाल तर

दिवाळीपासून तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. हातात पैसा आहे, प्लॉट आहे, चार खोल्या काढून किरायाने दिल्या तर कसं राहील? दोघे रिटायर झालेले शिक्षक. तिसरा माझ्या मावसबहिणीचा मुलगा, तो तर दोन एकर वावर विकून हे करायला निघाला आहे. त्याच्याशी फोनवर तासभर बोलले, तरी निम्मं राहूनच गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आम्ही दर्यापुरात (जि. अमरावती) २०११ मध्ये दोन-दोन खोल्यांचे चार ब्लॉक बांधले आणि रस्त्याच्या बाजूने एक गाळा काढला. तेव्हापासून किरायेदार पाहणं, किराया घेणं, मोटर जळाली की मिस्त्री शोधणं, सगळं माझ्याकडे आहे.

आधी पैशाचं. एका ब्लॉकचा किराया ३,५०० धरला तर चार ब्लॉकचे महिन्याला १४,००० आणि वर्षाचे १,६८,००० होतात. कागदावर हा आकडा फार गोड दिसतो. पण तालुक्याच्या गावात किरायेदार म्हणजे शिक्षक, बँकेतली मुलं, नर्सबाई, महावितरणचे लोक. यांच्या बदल्या होतात आणि मे-जूनमध्ये ब्लॉक खाली होतात. नवीन माणूस येईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. मी वर्ष दहा महिन्यांचंच धरते, म्हणजे १,४०,०००. त्यातून घरटॅक्स, रंग, नळ-मोटर निघतं. किरायावर कर्जाचा हप्ता भरायचं गणित असेल तर कृपा करून खोल्या काढू नका. हप्ता पेन्शनमधून किंवा पगारातून निघत असेल तरच पुढे जा. (किराया मिळाला की तो इन्कम टॅक्समध्येही दाखवावा लागतो. भरलेला घरटॅक्स वजा करून जे उरतं त्यातले ३० टक्के दुरुस्तीपोटी सरसकट सुटतात, खर्चाच्या पावत्या मागत नाहीत.)

आता बांधकाम. आपली जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. वर-वर पायवा घेऊन बांधलेली भिंत दोन-तीन वर्षांत तिरपी तडकते, मग कितीही लांबी (पुट्टी) भरा, पुढच्या मे महिन्यात तड पुन्हा दिसते. पायवा खोल घ्या, मुरूम भरून चांगला दाबून घ्या, प्लिंथ बीम, म्हणजे पायव्यावर भिंतीखाली सळई घालून ओतलेला काँक्रीटचा पट्टा, सोडू नका. संडासाचा शोषखड्डा भिंतीपासून लांब काढा, नाहीतर एकाच बाजूची माती बारा महिने ओली राहते आणि घर त्या बाजूने बसतं.

दुसरं, आपण खारपाणपट्ट्यात आहोत. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. आमच्या मिस्त्रीने पहिल्या दोन ब्लॉकच्या स्लॅबला बोअरचंच पाणी वापरलं. मी समोर उभी होते, मला तेव्हा कळत नव्हतं. सात वर्षांत न्हाणीवरच्या स्लॅबचे पोपडे पडू लागले. आत पाहिलं तर सळई गंजून फुगलेली. खाऱ्या पाण्यातला क्षार लोखंड खातो. उरलेल्या दोन ब्लॉकना नळाचं पाणी टँकरने आणलं होतं, ते आजही ठणठणीत आहेत. जे पाणी तुम्ही पिणार नाही ते स्लॅबमध्ये घालू नका.

आणि आता जे सगळ्यात जीव तोडून सांगायचं आहे ते. अर्थिंग, म्हणजे गळालेली वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत उतरवणारी वायर.

विदर्भात कूलर लागतोच. ४५ डिग्रीत स्लॅबखालच्या खोलीत कूलरशिवाय कोणी राहू शकत नाही. कूलर म्हणजे लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिसऱ्या ब्लॉकमध्ये एक नर्सबाई राहायच्या, त्यांचा मुलगा चार वर्षांचा. एका दुपारी त्या दारात येऊन म्हणाल्या, "काकू, कूलरले हात लागला का झिनझिन करते." मी लगेच इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटरचा बोर्ड उघडला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. प्रत्येक पॉइंटची हिरवी वायर बोर्डापर्यंत व्यवस्थित आली होती, आणि तिथे तिचा गोल गुंडाळा करून टेप लावून ठेवला होता. जमिनीत काहीच गेलं नव्हतं. अर्थिंगचा खड्डाच खोदला नव्हता. इतकी वर्षं चार कुटुंबं त्या प्लगांवर कूलर चालवत होती. ते लेकरू अनवाणी, ओल्या फरशीवर त्या कूलरपुढे खेळायचं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

त्याच आठवड्यात खड्डा खोदून अर्थिंग केलं आणि प्रत्येक ब्लॉकला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. विजेची गळती झाली की ती क्षणात लाइन तोडते. एका ब्लॉकला दोन-तीन हजारांचा खर्च. नवीन बांधणाऱ्यांनो, टाइल्स साध्या घ्या, दरवाजा साधा घ्या, पण हे आधी करा आणि वायरमनच्या शब्दावर न जाता खड्डा डोळ्यांनी पाहा.

मीटर प्रत्येक ब्लॉकला वेगळं घ्या. सबमीटर लावून एकाच मीटरवर दोघांना चालवलं तर भांडण ठरलेलं, आणि किरायेदाराचं नुकसानही होतं. दोन घरांचे ९०-९० युनिट वेगळ्या मीटरवर पहिल्या १०० युनिटच्या स्वस्त दरात बसतात. एकत्र केले की १८० होतात आणि वरच्या ८० युनिटला जवळपास दुप्पट दर लागतो. गाळा काढला असेल तर त्याला घरगुती मीटरवरून लाइन देऊ नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने वसुली होते आणि नोटीस मीटरवाल्याच्या नावाने येते.

कागदाचं मी महागात शिकले. गाळा आम्ही ओळखीच्या माणसाला दिला होता. स्टँपवर अकरा महिन्यांचं लिहिलं, नोटरी केली, झालं असं समजलो. मुदत संपल्यावर तो म्हणाला, आपलं तोंडी पाच वर्षांचं ठरलं होतं. वकिलांनी कागद पाहिला आणि विचारलं, रजिस्टर कुठे आहे? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. चौदा महिने गेले, थकलेला किराया सोडून दिला तेव्हा गाळा मोकळा झाला.

आता मी प्रत्येकाचा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार रजिस्टर करते. ३,५०० किराया, १०,००० डिपॉझिट, अकरा महिने, याला स्टँप ड्युटी शंभराच्या आसपास बसते, कारण दर पाव टक्काच आहे. नोंदणी फी खेड्यात ५००, शहरात १,०००. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या ऑनलाइन होतं. असा करार असला की मुदतीनंतर न निघणाऱ्याकडून त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम मागता येते. आणि किरायेदार कितीही त्रास देवो, त्याचं पाणी किंवा लाइट तोडू नका. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात बाया-लेकरं असतात.

ताबा देताना मी प्रत्येक खोलीचे, नळांचे, मीटरच्या रीडिंगचे फोटो काढून किरायेदाराच्याच व्हॉट्सअॅपवर टाकते. पोलीस स्टेशनला माहितीचा फॉर्म देते. डिपॉझिट निघायच्या दिवशीच परत, उद्या-परवा नाही. जाणारा माणूस समाधानाने गेला तर त्याच्या जागी बदलून येणाऱ्याला तोच पत्ता देतो. माझ्या चारपैकी तीन ब्लॉक असेच भरले आहेत.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. त्या नर्सबाई माझ्याकडे आल्या तेव्हा दोन दिवसांत पाच घरं फिरून आल्या होत्या. "खोली किरायाने देणे आहे" अशा पाट्या बाहेर लटकत होत्या. प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनाव. आडनाव ऐकलं की, खोली कालच गेली. ज्या गल्लीत त्यांना नाही म्हटलं गेलं, तिथल्याच लेकरांना त्या पुढे सहा वर्षं लस टोचत होत्या. त्या सहा वर्षांत त्यांचा किराया एकदाही पाच तारखेच्या पुढे गेला नाही. नोकरी कुठे, माणसं किती, आधीच्या घरमालकाचा नंबर काय, एवढं विचारून माझं काम भागतं. जात विचारून खोली देणं चूक आहे, असं मी नातेवाइकांच्या तोंडावर सांगत आले आहे.

मावसबहिणीच्या मुलाला मी म्हटलं, वावर विकायची घाई करू नको. प्लॉट एनए (बिगरशेती) आहे का, नगरपरिषदेची परवानगी मिळते का, ते आधी कागदावर आण. ते जमलं आणि तरीही बांधायचंच ठरलं, तर पायवा खोदायच्या दिवशी मला फोन कर. टँकर कुठलं पाणी घेऊन आला ते पाहायला मी स्वतः येते.