वडाचं स्थळ

आमच्या गच्चीच्या पन्हाळीशी, भिंतीच्या भेगेत एक वड उगवला. कुणी लावला नव्हता. कावळ्यानं कुठंतरी वडाची लाल फळं खाल्ली आणि पुढचा कार्यक्रम आमच्या भिंतीवर उरकला. ना फलक, ना हार, ना उशिरा येणारे पाहुणे.

गिलाव्याला आलेला गवंडी म्हणाला, "ह्यो आत्ताच उपटा, न्हाईतर भिंत फोडंल." मी म्हटलं, उपट. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "वटपौर्णिमा आठ दिवसांवर आलीय आणि दारी आलेला वड उपटून टाकताय?" पुढच्या सात जन्मांचा प्रश्न असल्यानं मी गप्प बसलो. गवंड्यानं रोप मुळांसकट अलगद सोडवलं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं. त्या वर्षीची पूजा डब्याचीच झाली. "दरवर्षी मोती चौकातनं तोडलेली फांदी आणायची आणि तिच्याकडं नवऱ्याचं आयुष्य मागायचं, हे काय खरं नाही," सौभाग्यवती म्हणाली. "आता याला चांगली जागा बघा."

आजवर मुलीसाठी स्थळं बघताना लोकांच्या चपला झिजलेल्या ऐकलं होतं. मी वडासाठी झिजवल्या. रोज संध्याकाळी डबा स्कूटरवर पायांत धरायचा आणि साताऱ्यातल्या आमच्या पंचवीस घरांच्या कॉलनीत फिरायचं. पाहुणचार सगळीकडं उत्तम. चहा झाला, पोहे झाले, एका घरी तर कंदी पेढा हातावर ठेवला. मला वाटलं, जमलं! तर तो त्यांच्या नातवाच्या निकालाचा निघाला. वडाला प्रत्येकानं नीट न्याहाळलं, "गुणी आहे हो," म्हणाले, आणि "कळवतो." कळवतो म्हणजे काय, हे कळायला मुलीचा बाप असावं लागत नाही.

झाडावर प्रेम नाही असा माणूस मला कॉलनीत भेटला नाही. कोपऱ्यावरच्या निवृत्त गुरुजींनी तर मला फाटकातच थांबवून वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात का असतो, पावसानं ओल धरलेल्या जमिनीत मुळं कशी लवकर रुजतात, हे सगळं सांगितलं. पाऊण तास. मग मी डबा पुढं केला तर म्हणाले, "आमच्याकडं पूर्वेला जड काही चालत नाही."

सगळ्यांत जास्त वेळ मी आबांकडं बसलो. आबा बांधकाम खात्यातून निवृत्त, त्यामुळं त्यांचा नकारही मोजमापांसह असतो. मी उत्साहाच्या भरात वैराटगडाच्या पायथ्याच्या, म्हसव्याच्या वडाचं नाव काढलं. पारंब्यांमागून पारंब्या टेकत तो कसा एकरांनी पसरलाय, मूळ खोड कुठलं हेही सांगता येत नाही. आबा शांतपणे म्हणाले, "एकरांनी ना? माझा प्लॉट दीड गुंठ्याचा आहे." मग मी सांगलीकडच्या भोशाच्या वडाचा दाखला दिला. २०२० साली त्या म्हाताऱ्या वडासाठी रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा आराखडा बदलला, अख्ख्या महामार्गानं वाट वाकडी केली. "महामार्ग वाकतो हो," आबा म्हणाले, "आमची ड्रेनेजची लाइन वाकत नाही." शेवटी त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "१९७५ चा कायदा वाचलाय? शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते. लावायला लागत नाही. म्हणून आम्ही लावतच नाही."

खरं सांगायचं तर आबांचं चुकत नव्हतं. वड काही घराला खेटून लावायचं झाड नव्हे. त्याची मुळं संडासाची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांत भेदभाव करत नाहीत. पण हे कबूल केलं असतं, तर डबा परत घरी न्यावा लागला असता आणि घरी कोण होतं ते वर आलंच आहे.

२०१९ साली आपल्या सरकारनं एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला होता. मला एका झाडाला तीन आठवडे झाले होते. त्या हिशेबानं ३३ कोटींना किती जन्म लागतील ते मोजायला बसलो आणि सातावर सोडून दिलं.

उरली कॉलनीची मोकळी जागा. चहूकडनं घरं लांब, वर विजेची तार नाही, समोर अजिंक्यतारा. एकच अडचण होती. तिथं पोरं क्रिकेट खेळायची. मी मधोमध डबा ठेवल्याबरोबर अकरा वर्षांचा कप्तान पुढं आला. "काका, इथं आमचं पिच आहे." मी मुन्शी, म्हसवे, महामार्ग सगळं पुन्हा वाजवलं. पोरांनी बाजूला जाऊन मसलत केली आणि अट घातली : "जाळी लोखंडी पाहिजे. ती आमची दांडी."

या अटीवर स्थळ जमलं. पहार घेऊन मी दोन फूट खड्डा खणायला घेतला. पहिल्या अर्ध्या फुटाखाली मुरूम लागला आणि मुरुमाखाली माझी कंबर. उरलेला खड्डा पोरांनीच खणला. शेणखत घातलं, आळं केलं, वर पालापाचोळा पसरला, जाळी रोवली. आता बॉल लागला की खण्णकन वाजतं, त्यामुळं दांडी गुल झाली की नाही यावरची भांडणं संपली. नियमही पोरांनीच केला : भोपळ्यावर आऊट होणाऱ्यानं वडाला एक कळशी घालायची.

दिवाळीपर्यंत ठीक चाललं. पण रोज खेळून खेळून पोरं सुधारली. मार्चपर्यंत कुणी भोपळ्यावर जाईना, आणि एप्रिलच्या उन्हात वडानं दोन पानं पिवळी करून टाकली. घरून विचारणा झाली. दुसऱ्या दिवसापासून मी पंच म्हणून उभा राहू लागलो.

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत जेवढी पोरं पहिल्याच बॉलला पायचीत झाली, तेवढी कुठंच झाली नसतील. बॉल लेगला दोन हात बाहेर असो, बॅटला लागलेला असो, माझं बोट वर. कप्तानानं एकदा रडवेल्या आवाजात विचारलं, "काका, पायाला लागलाच नाही तर पायचीत कसा?" मी म्हटलं, "कळशी उचल." अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी इतका अप्रामाणिक कधीच वागलो नव्हतो. वड मात्र माझ्या छातीला लागला.

यंदा वटपौर्णिमेला कॉलनीतल्या सात-आठ जणी ताटं घेऊन तिथं आल्या. आबांच्या घरच्या काकू सगळ्यांच्या पुढं. खोडाला हात पोचेना, म्हणून सूत जाळीलाच गुंडाळलं. पोरं बॅट टेकवून उभी होती. मी छत्री धरून.

"काकू, लवकर आवरा ना," कप्तान म्हणाला, "दोन ओव्हर राहिल्यात, आणि पाऊस यायच्या आत काकांनाही एकदा बॅटिंग द्यायचीय."

मला दिली. पहिलाच बॉल माझ्या पायापासून चांगला वीतभर लांबून गेला. अकरा पोरांनी एकदम अपील केलं, आणि पंचाच्या जागी उभ्या असलेल्या कप्तानानं कळशीकडं बोट दाखवलं.