आकडे वाचणारी रेडिओ केंद्रे : आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरदेशी पोहोचणाऱ्या रेडिओलहरींवर, नुसते आकडे वाचणारी केंद्रे हेरांसाठी असतात हे माझे विधान ऐकीव आहे, आणि इंटरनेटच्या काळात कोणतेही सरकार अशा कालबाह्य साधनावर विसंबणार नाही, असे आपण लिहिले आहे.

निदान क्यूबाच्या बाबतीत ही गोष्ट ऐकीव राहिलेली नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता संस्थेत विश्लेषक असलेल्या आना मोन्तेस यांना क्यूबासाठी हेरगिरी केल्याबद्दल सप्टेंबर २००१ मध्ये अटक झाली, तेव्हा एफबीआयने दिलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्या लॅपटॉपमध्ये सापडलेल्या, पाच-पाच आकड्यांच्या १५० गटांचा उल्लेख होता. नेमके तेच गट, त्याच क्रमाने, ६ फेब्रुवारी १९९९ रोजी ७८८७ किलोहर्ट्झवर ‘आतेन्सियोन, आतेन्सियोन’ (लक्ष द्या, लक्ष द्या) असा पुकारा करून एका स्त्रीने स्पॅनिशमध्ये वाचले होते. मोन्तेस यांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूलही केला.

आता कालबाह्यतेविषयी. ईमेल पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही नोंद कुठेतरी उरते. रेडिओवर प्रक्षेपण कुठून होते हे शोधता येते, पण ते कोण ऐकतो आहे हे जवळजवळ कधीच कळत नाही, आणि परक्या देशात बसलेल्या हेराला याहून मोलाचे दुसरे काय असणार? शिवाय संदेशाइतकीच लांब, पूर्णपणे यादृच्छिक (कसलाही क्रम नसलेली) आणि एकदाच वापरून नष्ट केलेली किल्ली, म्हणजे संदेश सांकेतिक करण्याची आणि उलगडण्याची गुप्त आकड्यांची यादी, असेल, तर ती नसलेल्या कोणालाही तो संदेश उलगडता येत नाही, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात गणिताने सिद्ध केले. मोन्तेस यांच्या प्रकरणातही घात झाला तो लॅपटॉपमधून पुरते न पुसल्या गेलेल्या मजकुरामुळे. जर्मनीत ऑक्टोबर २०११ मध्ये रशियासाठी हेरगिरी करणारे एक दांपत्य पकडले गेले, तेही शॉर्टवेव्हवरूनच सूचना घेत होते, आणि तोवर इंटरनेट घरोघरी पोहोचलेले होते.

‘रशियन सुतारपक्षी’ म्हणून गाजलेली शॉर्टवेव्हवरची टकटक अखेर चेर्नोबिलजवळच्या दुगा या सोव्हिएत रडारची निघाली, हे आपले उदाहरण अचूक आहे; परंतु सेकंदाला दहा वेळा येणारे एकसारखे ठोके आणि मानवी आवाजात वाचलेले, दर वेळी बदलणारे आकडे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

एका ठिकाणी मात्र चूक माझीच आहे. ४६२५ किलोहर्ट्झवर रात्रंदिवस गुणगुणणारे रशियन केंद्र मी या हेरकेंद्रांच्याच पंक्तीला बसवले होते. मधूनच रशियन शब्द आणि आकडे ऐकू येणारे ते केंद्र सैन्याच्या संपर्कासाठी असावे असे मला आता अधिक संभवनीय वाटते. त्याचा हेरांशी संबंध दाखवणारा पुरावा माझ्यापाशी नाही, म्हणून ते वाक्य मी मागे घेतो.