कंटेनर उघडले की ड्रग्ज थांबतील?

"प्रत्येक बंदरातला प्रत्येक कंटेनर उघडून तपासा, बंदरे पोलिसांच्या ताब्यात द्या, महिन्याभरात ड्रग्ज बंद होतील, कारण ते सगळे बंदरांतूनच येतात, आणि आपल्या कोल्हापूरला तर समुद्रच नाही." हा संदेश सध्या इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. त्यामागची चीड रास्त आहे. त्यातली विधाने मात्र टिकणारी नाहीत.

आधी कंटेनर उघडण्याविषयी. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात वर्षाला, वीस फुटी मापाने मोजल्यास, 60 लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा होते, म्हणजे दिवसाला सुमारे 16,000. ते सगळे रिकामे करून पुन्हा भरायचे ठरवले, तर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचे परदेशी निघालेले कास्टिंगही त्याच रांगेत अडकेल, हे संदेश पुढे ढकलणाऱ्या आपल्या उद्योजक मित्रांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. शिवाय उघडून दिसते तरी काय? सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून 2,988 किलो हेरॉइन जप्त झाले. कागदोपत्री ते अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेले शंखजिरे होते. ऑक्टोबर 2022 मध्ये न्हावा शेवात सुमारे 50 किलो कोकेन निघाले, ते दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या पेअर आणि हिरव्या सफरचंदांच्या खोक्यांतून. महसूल गुप्तचर संचालनालयाने नेमके हेच कंटेनर वेचून काढले ते खबरीच्या बळावर. माल कोणत्या बंदरातून निघाला, आयातदार नवखा आहे का, ज्या धंद्याशी त्याचा संबंध नाही तो माल तो का मागवतो, हे प्रश्न कंटेनर धक्क्याला लागण्याआधीच विचारता येतात.

बंदरे पोलिसांकडे देण्याने काय साधेल, हे कळत नाही. मोठ्या बंदरांच्या फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल असते, माल सीमाशुल्क विभाग तपासतो, आणि झडती, जप्ती व अटकेचे अधिकार 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या विभागालाही दिलेले आहेत.

सगळा माल बंदरांतून येतो, हेही खरे नाही. हेरॉइनच्या मोठ्या साठ्यांसाठी बंदरे वापरली जातात, हे मान्य. परंतु ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे लाटांबरोबर वाहत आली, तिथे तपासायला कंटेनरच नव्हता.

राहिला आपला समुद्र नसलेला जिल्हा. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे रसायनांपासून कुठेही बनवता येते. त्याला ना अफू लागते, ना जहाज. नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने त्याचा कारखाना उघडकीस आणला, तो चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या एका फार्महाउसवर. मुंबईत पकडलेल्या थोड्याशा एमडीच्या चौकशीचा धागा धरून पथक तिथवर पोहोचले होते.