मालधक्का ट्रकने बुडवला का? बार्शीच्या एका वाचकाला उत्तर

नमस्कार सर. छोट्या गावांतल्या रेल्वे स्टेशनांवरच्या जुन्या मालधक्क्यांवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्या-शेडींवर लिहिलं होतं, त्यावर तुमची कमेंट आली. तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: तुमचं म्हणणं असं की मालधक्के इंग्रजांनी आपला कापूस न्यायला बांधले, त्यासाठी कसला गळा काढताय, ट्रक आले आणि हे सगळं संपलं ते बरंच झालं, तुमचे आजोबा आडतवाले होते, ते रेल्वेचं नाव काढलं की शिव्या घालायचे, आणि शेवटी, पडक्या शेडी पाडा, पार्किंग करा. खालीच दोन ओळी लिहून मोकळा होणार होतो, पण लिहीत गेलो आणि वाढलं.

कापसाचं म्हणाल तर तुमचं बरोबरच आहे. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी युद्ध चाललं, इंग्लंडमधल्या लँकेशायर-मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग साहेबाची नजर वऱ्हाडावर. त्याच्या आधी इकडचा बराच कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जायचा, पावसात सापडला की अर्धा कुजायचा. जळंब-खामगाव हा रेल्वेचा जेमतेम 13 किलोमीटरचा फाटा, पण 1870 साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला! एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय उगाच येतो का. पुढच्याच वर्षी बडनेरा-अमरावती. हे खामगाव-अमरावतीकरांच्या सोयीसाठी केलं असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

पण धक्का एकदा झाला की तो एकाच दिशेने चालत नाही ना. कापूस, गळिताची धान्यं बाहेर गेली तसं मीठ, रॉकेल, लोखंडी पत्रे, सिमेंट, कोळसा आत आलं, आणि त्यावर गावातली माणसं जगली: माल पाठवून देणारे हुंडेकरी, हमाल, बैलगाडीवाले, तोलणारे. तुमची बार्शीच घ्या. बाजारपेठ आधीपासून जोरात, पण जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मेन लाइन लांबून गेलेली, म्हणून कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1897 मध्ये अडीच फुटी गेजची, म्हणजे अरुंद रुळांची नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वे टाकली, बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी, तिथून बार्शी टाऊन. मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. पंढरपूरला वारकरी गेले, मँचेस्टरला नाही.

आणि एक गोष्ट माझ्या लेखात नुसती ओझरती आली होती, ती इथे नीट सांगतो, कारण मला स्वतःला सगळ्यात भारी तीच वाटते. आरआर. रेल्वे रसीद. माल धक्क्यावर आला, तोलकाट्यावर चढला, मालबाबूने वजन लिहिलं, भाडं काढलं आणि आरआर फाडून दिली, की तो कागद म्हणजेच माल. 1930 च्या माल विक्री कायद्यात रेल्वे रसीद ही मालाच्या मालकीचा दस्तऐवज म्हणून धरलेली आहे. म्हणजे लातूरचा व्यापारी आरआर बँकेत टाकायचा, बँक ती मुंबईच्या शाखेला पाठवायची, तिकडचा घेणारा पैसे भरून कागद सोडवायचा आणि तो दाखवून माल उचलायचा. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या माणसांचा व्यवहार त्या कागदावर व्हायचा, आणि तो द्यायचा कुणी, तर पत्र्याच्या शेडमधल्या त्या लाकडी टेबलामागच्या बाबूने. बाबूला चहापाणी लागायचं हे मला माहितेय, ते कुठे नव्हतं.

आता तुमच्या आजोबांचा राग. तो शंभर टक्के खरा. नॅरोगेजच्या डब्यातलं पोतं ब्रॉडगेजच्या (रुंद रुळांच्या) वाघिणीत, म्हणजे मालडब्यात आपोआप जात नाही, कुर्डुवाडीला प्रत्येक नग हमालाच्या पाठीवरून उतरवून पुन्हा चढवायचा. लोखंडी आकडा खुपसून ओढलेली पोती, गळालेली तूर, आणि समोरची वाघीण रिकामी नसेल तर माल पडून. त्यात तुमची फक्त पंधरा-वीस पोती असतील, ज्याला रेल्वेत ‘स्मॉल्स’ म्हणायचे, तर ती इतरांच्या मालाबरोबर वाघीण भरेपर्यंत थांबणार, मधल्या जंक्शनवर पुन्हा वर्गवारी होणार. ट्रक दुकानाच्या दारात यायचा. मी व्यापारी असतो तर मीही ट्रकच केला असता.

पण म्हणून ‘ट्रकने मालधक्का बुडवला’ हे मला पटत नाही. ट्रकने गिऱ्हाईक ओढलं, पण शटर रेल्वेने स्वतःच ओढलं. ऐंशीच्या दशकापासून धोरणच असं होत गेलं की सुटी पोती नकोत, सुटी वाघीणही नको, अख्खी गाडी भरा. आज बंद वाघिणींचा पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, अडीच हजार टन किंवा त्याहून जास्त. खत कंपनी भरेल, सिमेंटवाला भरेल, सरकारी धान्य भरेल. बार्शीचा एक आडत्या तुरीचे अडीच हजार टन एका दिवशी कुठून आणणार? आणि आणले तर ठेवणार कुठे? छोट्या स्टेशनांवरचे धक्के ओस पडले ते यामुळे, आणि मग शेडचे पत्रे कुणी नेले ते कळलंही नाही.

पुरावा पाहिजे तर तुमच्याच लाइनवर आहे, आता ती ब्रॉडगेज झालीय एवढंच. 2020 च्या ऑगस्टमध्ये शेतमाल नेणारी किसान रेल सुरू झाली, पहिली देवळाली-दानापूर. अट काय, तर किमान वजनाची अटच नव्हती, आणि वाटेतल्या थांब्यांवर माल चढवता-उतरवता यायचा. त्याच डिसेंबरात शंभरावी किसान रेल सुटली ती तुमच्या लाइनवरच्या सांगोल्याहून, थेट बंगालमधल्या शालिमारला. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती हे मान्य, त्याशिवाय एवढी झुंबड उडाली नसती. पण डाळिंबवाल्याकडे ट्रक तेव्हाही होताच की! तरी तो स्टेशनवर आला, कारण रेल्वे थोडा माल घ्यायला तयार झाली.

राहिलं पार्किंग. सगळ्या शेडी वाचवा असा माझा हट्ट नाही, अर्ध्या तर नुसत्या झुडपात गेल्यात. ज्याची भिंत धड आहे, छपराचं पुढे आलेलं पाखं शाबूत आहे, तिथे एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला गाडी लावायची सोय आयती आहे, वाघिणीच्या तळाएवढा उंच ओटा आहे, तो आज बांधायला काढा म्हणजे खर्च कळेल. भाजीचं, फळांचं पार्सल तिथूनच चढवता येईल. मोटारी लावायला गावात दुसरी जागा मिळेल, रुळाला लागून असलेला ओटा मिळणार नाही. आणि पाडायचीच असेल तर आधी तोलकाटा उचलून आत ठेवा, नाहीतर तो पहिल्याच रात्री भंगारात जाईल.