किट कोरंच असतं ताई, आणि ते मुद्दाम

नमस्कार ताई, तुमचा दोन स्टारवाला रिव्ह्यू पूर्ण वाचला, उत्तर जरा लांब होईल पण बाकीच्यांनाही उपयोगी पडंल म्हणून इथंच लिहायलेय. तुमचं म्हणणं असं की डॉलहाऊसच्या, म्हणजे बाहुलीघराच्या किटच्या डब्यातून नुसत्या कोऱ्या पाट्या निघाल्या, फोटोतल्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या वाड्यासारखं काहीच नाही, कागद चिकटवल्यावर भिंत वाकली, आणि लेकीची पितळी भातुकली आत मांडली तर घागर दारात मावंना.

कोऱ्या पाट्या आम्ही मुद्दाम देतो आणि पुढंही देणार, डब्यावर तसं मोठ्या अक्षरात छापलंय. फोटोतला वाडा याच पाट्यांचा आहे, एका गिऱ्हाइकानं स्वतः रंगवलेला, तेही फोटोखाली आहे. छापील विटा न् छापील खिडक्या लावून विकणं आम्हाला लई सोपं पडलं असतं, पण मग औशाच्या माणसाचं घर आणि पैठणच्या माणसाचं घर एकसारखंच दिसलं असतं ना. लातूर-धाराशिवकडची अशी माणसं येतात ज्यांचं गावातलं जुनं घर १९९३ च्या भूकंपात गेलं, फोटो एकही नाही, फक्त एवढं आठवतंय की ढेलजेत, म्हणजे दारातल्या ओसरीत, डाव्या हाताला देवळी (भिंतीतला कोनाडा) होती आणि चुलीमागची भिंत धुरानं काळी झालेली. ते घर कोणता कारखाना छापून देणार सांगा.

आता भिंतीचं. पाटी ३ मिमी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली आहे, एकाच बाजूनं ओला फेविकॉल लावून कागद चिकटवला की तो वाळताना आकसतो आणि पाटीला ओढून घेतो, मग ती वाकणारच, कुणाच्याही दुकानातली असू द्या. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी पातळ प्रायमर, तो वाळला की २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं, कडांना जरा जास्त कारण लेझरनं कापल्यामुळं त्या काळ्या असतात आणि ती काजळी पांढऱ्या रंगात उतरते, मग कागद, आणि वाळेपर्यंत वर वह्यांचा गठ्ठा. हे सगळं जोडायच्या आधी बरं का, घर एकदा उभं राहिलं की कोपऱ्यात ब्रश जात नाही. तुमची वाकलेली पाटी फेकू नका, मागच्या बाजूलाही तसाच कागद लावून वजनाखाली ठेवा, बरीच सरळ येते.

भातुकली लेकराच्या हाताच्या मापानं बनवतात, घराच्या मापानं नाही. आपलं किट १:१२ चं, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथं एक इंच, जगभर हेच माप जास्त चालतं, विंडसर कॅसलमधलं राणी मेरीचं १९२४ चं डॉलहाऊससुद्धा याच मापाचं. फूटभराची घागर इथं इंचभरच पाहिजे. कापडाचंही तेच, जुन्या पैठणीच्या पदरावरचा दोन इंची मोर भिंतीला लावला की घरात दोन फुटाचा मोर होतो, भिंतीला खणाचं कापड घ्या, बुट्टी बारीक असते. हिमरूच्या विणलेल्या नक्षीच्या कापडाचा तुकडा पडून असंल तर तो दिवाणावर टाका, भिंतीवर नको.

आणि तुम्हाला माळवदच पाहिजे तर उतरतं छप्पर चिकटवूच नका, सोबतची जास्तीची सपाट पाटी वर घ्या, खालून अर्ध्या इंचाच्या चौकोनी पट्ट्या लावा, आतून बघितलं की तुळया दिसतात. वर पांढरी माती, गावाकडून ओंजळभर आणली तरी पुरते, चहाच्या गाळणीनं चाळायची, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये कालवायची आणि एकदम पातळ थर द्यायचा, वाळला की दुसरा. जाड दिला तर तडकतो. शहाबादी फरशीला काळ्या पॉलिश पेपरचे दोन-दोन इंचाचे चौकोन कापा, मधी बारीक फट ठेवा, खरी फरशी वाटते, माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं काम हेच.

रिफंडचं विचारलंय, तर चिकटवलेलं किट आम्ही परत घेत नाही आणि ते बिलावर आहे. पण मी सांगितलं तसं करूनही भिंत सरळ नाही आली तर दुकानी घेऊन या, तेवढी पाटी नवीन कापून देते, तिचे पैसे घेणार नाही. रविवारी लेझर मशीन बंद असतं, तेवढा दिवस सोडून कधीही या.