नावापुढे २ जागा, आणि प्रत्यक्षात एकही नाही

विद्यापीठाच्या वेबसाइटवर पीएचडीच्या रिक्त जागांची यादी. विषय गणित, गाईडचं नाव, पुढे आकडा २. त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी लातूरहून रात्रीची एसटी धरली. सकाळी विभागाच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. साडेअकराला सर आले. माणूस सज्जन. माझी फाईल नीट चाळली, मग म्हणाले, “बाळ, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली. तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही, यूजीसीच्या २०२२च्या नियमातच आहे. माझ्या नावापुढे २ कुणी टाकले, मलाच माहीत नाही.”

डोक्यात अशी तिडीक गेली! प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायकाकडे ४, यापेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, एवढा साधा हिशेब. कोण कधी निवृत्त होणार हे तुमच्याच आस्थापना विभागात लिहिलेलं असतं. तरी यादी चुकते कशी? आणि चुकली तर तिचे पैसे, तिची रजा, तिचं जागरण आम्ही का भरायचं?

आम्हाला मात्र कशाचीच माफी नाही. सीएसआयआर-नेट या पात्रता परीक्षेच्या गणितात ‘क’ भागाच्या एका प्रश्नाला ४.७५ गुण. बरोबर असलेले सगळे पर्याय खुणावले तरच ते मिळतात. तीन बरोबर असताना दोनच खुणावले की शून्य. रात्र-रात्र बसून तो पेपर काढला मी. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती थोडक्यात गेली, म्हणजे महिन्याचे ३७,००० गेले, पण पीएचडी प्रवेशाला गुण चालतात. नेटला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. फक्त ते गुण एकच वर्ष टिकतात! आमच्या गुणांना मुदत, तुमच्या प्रवेशाच्या जाहिरातीला नाही. सात महिने झाले, “लवकरच निघेल” एवढंच ऐकतेय.

फोन केला तर पीएचडी सेलमधल्या बाई म्हणतात, आधी गाईडचं संमतीपत्र आणा. गाईडना मेल केला तर ते म्हणतात, आधी प्रवेश होऊ दे, मग बघू. दोघांनी एकदा एकमेकांशी बोलून घ्या ना! ग्राफ थिअरीत काम करायचंय म्हणून मी अकरा जणांना मेल केले, प्रत्येकाचे पेपर वाचून, प्रत्येकाला वेगळा. उत्तरं आली तीन. “जागा नाही” हे दोन शब्द लिहायलाही बाकीच्यांना वेळ झाला नाही. नाही म्हणा, पण कळवा तरी. माणूस दुसरीकडे बघायला मोकळा होतो.

परत येताना एसटीतूनच सेलला मेल केला, सरांचं नाव आणि नियम लिहून, की ही नोंद काढा. त्याला तीन आठवडे झाले. काल रात्री पुन्हा यादी उघडली. २च आहेत अजून. ती बघून उद्या परभणीचा नाहीतर सोलापूरचा कुणीतरी तिकीट काढेल.